ऑन्टारियोत पीएसडब्ल्यूचं काम सुरू करताना: आरोग्यसेवेची तोंडओळख आणि क्लायंटचे हक्क

ऑन्टारियोत नव्याने आलेल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण पर्सनल सपोर्ट वर्करच्या, म्हणजे पीएसडब्ल्यूच्या कामाकडे वळतात. कोणी तिकडे नर्स असतं आणि इथलं लायसन्स हातात येईपर्यंत हे काम धरतं. कोणी घरी सासूसासऱ्यांचं सगळं केलेलं असतं आणि तोच अनुभव इथे उपयोगी पडेल असं वाटतं. दोघंही सुरुवातीला एकाच ठिकाणी अडखळतात. अंग पुसणं, कपडे घालणं, भरवणं हे हात लवकर शिकतात. पण यातल्या प्रत्येक गोष्टीत समोरच्या माणसाला कायद्याने हक्क दिलेला आहे आणि तो आपल्या वागण्यात दिसला पाहिजे, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. कोर्समध्ये हक्कांचा धडा वेगळा असतो आणि अंघोळीचा वेगळा. कामावर दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी समोर येतात. म्हणून मी ते इथे एकत्रच सांगते आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या

कॅनडात आरोग्यसेवा चालवणं हे प्रांतांचं काम आहे. १९८४ च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टने डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या सेवेसाठी चौकट घालून दिली, आणि ऑन्टारियोत त्याचा खर्च ओहिप, म्हणजे प्रांताची सरकारी आरोग्य विमा योजना, उचलतं. मात्र आपण ज्या ठिकाणी काम करतो त्यातली बरीच ठिकाणं या चौकटीच्या बाहेर किंवा काठावर आहेत. लाँग-टर्म केअर होममध्ये, म्हणजे कायमची शुश्रूषा लागणारी माणसं राहतात तिथे, शुश्रूषेचा खर्च सरकार देतं, पण राहण्या-जेवणाचे पैसे रहिवासी स्वतः भरतो. रिटायरमेंट होम हे बहुतांशी स्वखर्चाने राहायचं ठिकाण, त्याला २०१० चा रिटायरमेंट होम्स अ‍ॅक्ट लागू होतो. घरी जाऊन दिली जाणारी सरकारी सेवा ऑन्टारियो हेल्थ अ‍ॅटहोम या संस्थेमार्फत ठरते. आधीच्या १४ विभागीय संस्था एकत्र करून २८ जून २०२४ ला ती सुरू झाली. तिचे केअर कोऑर्डिनेटर गरज ठरवतात, आणि प्रत्यक्ष काम करायला तुमची एजन्सी तुम्हाला पाठवते.

हे सगळं का सांगते आहे? कारण तुम्ही कुठे काम करता यावर कुठला कायदा लागू होतो आणि तक्रार कुठे करायची हे ठरतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी सुपरवायझरला विचारा, की आपण कुठल्या कायद्याखाली येतो आणि हक्कांची सनद कुठे लावली आहे.

लाँग-टर्म केअरसाठीचा कायदा म्हणजे फिक्सिंग लाँग-टर्म केअर अ‍ॅक्ट, २०२१. तो ११ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यात रहिवाशांच्या हक्कांची सनद आहे, एकूण २९ हक्कांची. सन्मानाने वागवलं जाणं, छळ आणि दुर्लक्षापासून मुक्त असणं, जगण्याचा दर्जा, चांगली शुश्रूषा आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणं, माहिती मिळणं आणि तक्रार करता येणं, अशा पाच गटांत ते मांडले आहेत. ही सनद होममध्ये सगळ्यांना दिसेल अशी लावावीच लागते. शिवाय रहिवासी आणि होम यांच्यात जणू करार झाला आहे असं धरून रहिवासी ती अमलात आणायला लावू शकतो. म्हणजे ती भिंतीवरची शोभा नाही. एका सुट्टीच्या वेळेत चहा घेऊन तिच्यासमोर उभं राहा आणि सगळी वाचून काढा. घरगुती सेवेसाठीही २०२२ च्या नियमांत रुग्णांच्या हक्कांची वेगळी सनद आहे, आणि तिचा गाभा हाच आहे.

जाता जाता नोंदणीबद्दल. १ डिसेंबर २०२४ पासून हेल्थ अँड सपोर्टिव्ह केअर प्रोव्हायडर्स ओव्हरसाइट अथॉरिटीकडे पीएसडब्ल्यूंना नोंदणी करता येते. ती ऐच्छिक आहे. माझ्या मते ती करावी, कारण नोंदणीबरोबर आचारसंहिता येते, आणि ती आपलंही रक्षण करते.

आपलं काम कुठे संपतं

प्रत्येक क्लायंटचा केअर प्लॅन, म्हणजे शुश्रूषेचा लेखी आराखडा, असतो. तुमचं काम त्यात लिहिलेलं असतं आणि त्याच्या बाहेर जायचं नसतं. टीममध्ये रजिस्टर्ड नर्स म्हणजे आरएन, रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स म्हणजे आरपीएन, गरजेप्रमाणे फिजिओथेरपिस्ट, डाएटिशियन असतात. तपासून निष्कर्ष काढणं, औषध बदलणं, जखमेवर काय लावायचं ते ठरवणं ही त्यांची कामं. आपण बघतो, करतो, सांगतो आणि लिहितो.

१९९१ च्या रेग्युलेटेड हेल्थ प्रोफेशन्स अ‍ॅक्टने काही धोक्याची कामं ठरावीक व्यावसायिकांसाठी राखून ठेवली आहेत. इंजेक्शन देणं हे त्यातलं एक. रोजच्या जगण्याचा भाग असलेली अशी काही कामं एखाद्या क्लायंटपुरती पीएसडब्ल्यूला शिकवून सोपवता येतात, पण ती त्याच क्लायंटपुरती. एका घरी शिकलात म्हणून दुसऱ्या घरी तेच करायचं नाही.

तिकडे नर्स असलेल्या ताईदादांसाठी हे खास सांगते. तुम्हाला बीपी बघून पुढचं सगळं कळतं, सलाइन लावता येतं, ड्रेसिंग डोळे मिटून करता येतं. पण इथे पीएसडब्ल्यूच्या बॅजखाली त्यातलं काहीही करू नका, घरच्यांनी हात जोडून विनंती केली तरी. "मला येतं, पण माझ्या या कामात ते बसत नाही, मी नर्सना लगेच कळवते," एवढं शांतपणे सांगा. तुमचं ज्ञान वाया जात नाही. नर्सला काय कळवायचं आणि किती घाईने कळवायचं, हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर उमगतं, आणि क्लायंटसाठी ते फार मोलाचं असतं.

हात लावण्याआधी विचारायचं

सगळ्या हक्कांचं मूळ संमतीत आहे. १९९६ च्या हेल्थ केअर कन्सेंट अ‍ॅक्टप्रमाणे माणूस निर्णय घ्यायला सक्षम आहे असंच आधी धरायचं. वय झालंय, बोलताना शब्द अडतात, डिमेन्शियाचं निदान आहे, यातल्या कुठल्याही एका कारणाने ते गृहीत बदलत नाही. समोर ठेवलेली माहिती त्याला समजते का आणि हो किंवा नाही म्हटल्याने काय होईल हे त्याला उमगतं का, एवढीच कसोटी. सक्षमताही प्रत्येक गोष्टीसाठी आणि प्रत्येक वेळी वेगळी असू शकते. जिला ऑपरेशनचा निर्णय झेपणार नाही, तिला आज निळा स्वेटर घालायचा की लाल, आधी केस विंचरायचे की आधी चहा, हे अगदी नीट ठरवता येतं. तो निर्णय तिच्याकडून काढून घेऊ नका.

केअर प्लॅनला दिलेली संमती म्हणजे रोजच्या प्रत्येक स्पर्शाला दिलेली कायमची परवानगी नव्हे. रोज विचारायचं. बोलता येत नसेल तर चेहरा बघायचा. हात पुढे करणं, मान हलवणं, अंग सैल सोडणं हा होकार. मूठ आवळणं, तोंड फिरवणं, अंग आखडणं हा नकार.

इथे आपल्या काही चांगल्या सवयीच आड येतात. आपल्याकडे वाढताना आग्रह करणं हे प्रेमाचं लक्षण. "आणखी एक घास, माझ्यासाठी," असं म्हणत आपण पोटभर झालेल्या माणसालाही भरवतो. इथे तसं करू नका. गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या तोंडात आग्रहाचा घास गेला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याने तोंड बंद केलं की तो नकार आहे, आणि तो मानायचा. भरवताना त्याला ताठ बसवा, स्वतःही बसा म्हणजे त्याला मान वर करावी लागणार नाही, लहान घास द्या, आधीचा गिळल्याची खात्री करा, आणि जेवणानंतर साधारण अर्धा तास बसतं राहू द्या. पातळ पदार्थ किती घट्ट करून द्यायचे हे केअर प्लॅनमध्ये असतं, त्यात अंदाज चालत नाही.

हाक मारण्याचंही तसंच. आपल्या तोंडी आजी, आजोबा, काकू पटकन येतं, आणि इथले सहकारी स्वीटी, डिअर म्हणताना दिसतात. आधी विचारा, "तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?" जन्मभर शाळेत मिसेस म्हणून वावरलेल्या बाईंना अनोळखी माणसाने एकदम पहिल्या नावाने हाक मारलेली लागते. काहींना आजी म्हटलेलं मनापासून आवडतं. मग खुशाल म्हणा.

सकाळची अंगपुसणी, सुरुवातीपासून

एकच काम जवळून बघू. बेडवर असलेल्या बाईंना तुम्ही सकाळी स्पंजबाथ देणार आहात.

खोलीत जाण्याआधी केअर प्लॅन उघडा, कालचा लक्षात असला तरी. रात्रीत काही बदललं असेल. एकीने वळवायचं की दोघींनी, माणूस उचलायचं यंत्र म्हणजे लिफ्ट वापरायची तर कुठल्या मापाची स्लिंग (तिची झोळी), हे बघून घ्या. मग दार वाजवा आणि थांबा. दार वाजवत वाजवत आत शिरणं म्हणजे न वाजवणंच. ती तिची खोली आहे, तुमची कामाची जागा नंतर. आत गेल्यावर नाव सांगा, कशासाठी आलात ते सांगा. हात स्वच्छ करा. साबणाने धुताना फेस आल्यावर निदान १५ सेकंद चोळायचे, हँडरब असेल तर तो वाळेपर्यंत. ऑन्टारियोत हात स्वच्छ करण्याचे चार प्रसंग शिकवतात: क्लायंटला किंवा तिच्या आसपासच्या वस्तूंना हात लावण्याआधी, निर्जंतुक पद्धतीच्या कामाआधी, शरीरातल्या द्रवांशी संपर्काची शक्यता आल्यानंतर, आणि तिथून निघताना. ग्लोव्ह्ज घातले म्हणून यातला एकही प्रसंग टळत नाही.

आता चष्मा आणि हिअरिंग एड. हे आधी लावा. ऐकूच येत नसेल तर तुम्ही काय विचारताय हे तिला कसं कळणार आणि ती संमती कसली? मग विचारा: आत्ता पुसूया का नाश्त्यानंतर? पाणी एवढं गरम चालेल? लाँग-टर्म केअरमधल्या नळाच्या पाण्याचं तापमान ४९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे, पण म्हाताऱ्या, पातळ त्वचेला त्याहून कमी तापमानही चटका देऊ शकतं. आधी स्वतः मनगटाच्या आतल्या बाजूला पाहा, मग तिच्या हाताला लावून विचारा.

दार लावा, पडदा ओढा, खिडकीचा पडदाही. अंगावर बाथ ब्लँकेट टाका आणि त्याच्या खालून नाइटगाऊन काढा. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा, पुसून कोरडा करून लगेच झाकायचा. डोळ्यांपासून सुरुवात, साबणाशिवाय, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर, प्रत्येक डोळ्याला कापडाची वेगळी बाजू. चेहरा तिला स्वतःला पुसता येत असेल तर कापड तिच्या हातात द्या. तुम्ही अर्ध्या मिनिटात करू शकता आणि तिला चार मिनिटं लागतील, तरी द्या. जे तिला येतं ते तिच्याकडून काढून घेतलं की काही आठवड्यांत ते खरंच येईनासं होतं. गुप्तांगाची स्वच्छता सगळ्यात शेवटी, पाणी आणि ग्लोव्ह्ज बदलून, बाईला पुढून मागे पुसत. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी सांगा. एका वाक्यात, साध्या आवाजात: "आता मी मांडी पुसते आहे."

पुसताना डोळे उघडे ठेवा. टाचा, माकडहाड, नितंबाची हाडं, ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे. लालसर डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती प्रेशर इंज्युरीची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागणारा, रंगाने वेगळा भाग शोधा. त्यावर मालिश करू नका. नर्सला सांगा. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांना निदान दर दोन तासांनी वळवायचं असा लाँग-टर्म केअरचा नियम आहे, आणि त्याच नियमात असंही आहे की झोपलेल्या माणसाला वैद्यकीय गरज असेल तरच वळवायचं. झोप मोडू नये हाही विचार त्यात केला आहे, हे मला फार आवडतं.

कवळी असेल तर बेसिनमध्ये टॉवेल पसरा, थोडं पाणी सोडा आणि मग धुवा. हातातून निसटली तर फुटत नाही. गरम पाणी वापरू नका, कवळीचा आकार बिघडतो. नवी कवळी येईपर्यंत त्या बाईंना आठवडेच्या आठवडे मऊ अन्नावर काढावे लागतात.

निघण्याआधी बेड खाली, ब्रेक लावलेले, कॉल बेल हाताशी, पाणी आणि चष्मा पोहोचेल असा. बेल हाताशी नसणं हे दुर्लक्षात मोडतं, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो.

ती नाही म्हणाली तर

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त घाबरतो. यादीत आठ जण, घड्याळ पळतंय, आणि बाई म्हणतात, "आज अंघोळ नको."

नको म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. लाँग-टर्म केअरमध्ये आठवड्यातून निदान दोनदा अंघोळ घालायची, तीही त्या माणसाच्या पसंतीच्या पद्धतीने, टब, शॉवर किंवा स्पंजबाथ, असा नियम आहे. होमला ती सेवा द्यावीच लागते, पण त्यातून जबरदस्तीची मुभा मिळत नाही. आधी कारण शोधा. थंडी वाजते का? दुखतंय का? काल कोणी घाईने ओढलं का? परक्या पुरुषासमोर किंवा बाईसमोर कपडे काढणं जड जातंय का? पुरुष पीएसडब्ल्यू नको असं क्लायंट म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका, सुपरवायझरला सांगा.

एक आजोबा सकाळच्या अंघोळीला रोज हात उगारायचे. चार्टवर आक्रमक असा शेरा पडत गेला. त्यांच्या मुलीशी बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांनी जन्मभर कारखान्यात रात्रपाळी केली होती. सकाळ म्हणजे त्यांची झोपायची वेळ. अंघोळ संध्याकाळी हलवली आणि हात उगारणं थांबलं. कुठलंही औषध लागलं नाही.

प्रत्येक वेळी उत्तर इतकं सरळ नसतं. युद्धातून, छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांना शॉवरची खोली नुसती बघूनच धडकी भरू शकते. लहानपणी घरच्यांपासून तोडून रेसिडेन्शियल स्कूल नावाच्या निवासी शाळांमध्ये नेलेल्या इंडिजिनस, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांमधल्या, वृद्धांना संस्थेतला गणवेश, रांग, सक्तीची अंघोळ यातून काय आठवत असेल, याची कल्पना कॅनडाचा तो इतिहास वाचल्याशिवाय येत नाही. तो वाचा. लैंगिक अत्याचार सोसलेली माणसंही आपल्या यादीत असतात, आणि बहुतेकांनी ते कोणाला सांगितलेलं नसतं. म्हणून भीती दिसली की आधी मागे सरका. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा जा, दुसरी सहकारी पाठवा, फक्त चेहरा आणि हात पुसूया का असं विचारा. तरीही नको असेल तर तसंच लिहा आणि नर्सला कळवा. नकार लपवून "बाथ दिला" असं लिहिणं हा गुन्हा समजा, स्वतःच्या मनाशी तरी.

हालचाल रोखण्याचंही इथेच सांगते. व्हीलचेअरचा ट्रे लावून माणसाला उठता येणार नाही असं करणं, उतरता येऊ नये म्हणून बेडचे दोन्ही कठडे वर करणं, कॉल बेल किंवा वॉकर लांब ठेवणं, हे सगळं माणसाला बांधून ठेवण्याच्या जवळ जातं. अशा साधनांवर कायद्याचं कडक बंधन आहे. पडू नयेत म्हणून केलं, हे उत्तर चालत नाही. केअर प्लॅनमध्ये असेल तरच.

दुसऱ्याच्या वतीने कोण ठरवणार

माणूस एखाद्या निर्णयासाठी सक्षम नाही असं योग्य व्यक्तीने ठरवलं, की त्याच्या वतीने दुसरं कोणी निर्णय घेतं. कोणाचा क्रमांक आधी, हे कायद्यात दिलेलं आहे: कोर्टाने नेमलेला पालक, मग पर्सनल केअरची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असलेली व्यक्ती (जिला त्या माणसाने आधीच लेखी अधिकार दिला आहे), मग कन्सेंट अँड कपॅसिटी बोर्डाने नेमलेला प्रतिनिधी, मग नवरा-बायको किंवा जोडीदार, मग मुलं आणि आईवडील, मग भावंडं, मग इतर नातेवाईक. कोणीच नसेल तर पब्लिक गार्डियन अँड ट्रस्टी हे सरकारी कार्यालय.

आपल्या लोकांनी यातलं एक नीट पाहून ठेवावं. सगळी मुलं एकाच पायरीवर असतात. थोरल्या मुलाला वेगळा मान नाही, मुलगी सासरी गेली म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. जे नातेवाईक जास्त मोठ्याने बोलतात, खर्च करतात किंवा रोज भेटायला येतात, त्यांचाच शब्द अंतिम असं धरू नका. फाइलमध्ये नाव कोणाचं आहे ते नर्सला विचारा. आणि क्लायंट स्वतः सक्षम असेल तर या यादीची गरजच नाही. "बाबांना आजार सांगू नका" असं मराठी कुटुंबाने तुम्हाला मराठीत, आपलं माणूस म्हणून सांगितलं, तरी ते तुमच्या हातात नसतं. निदान सांगणं तुमचं काम नाही आणि खोटं बोलणंही नाही. "हे नर्सशी बोला" म्हणा आणि स्वतःही नर्सला कळवा.

जे कळलं ते तिथेच

क्लायंटची माहिती २००४ च्या पर्सनल हेल्थ इन्फर्मेशन प्रोटेक्शन अ‍ॅक्टखाली येते. जाणूनबुजून भंग केल्यास व्यक्तीला दोन लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाच्या आधी साधं बघा. आपली वस्ती लहान आहे. ब्रॅम्प्टनमधल्या एखाद्या मराठी आजींकडे तुम्ही जाता हे गणपतीच्या कार्यक्रमात सहज बोलून गेलात, तर दोन वाक्यांत सगळ्यांना कळतं की कोणाबद्दल चाललंय. नाव नाही घेतलं तरी. फोटो काढू नका, वाढदिवसाचा केक असला तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ज्यांच्याशी तुमचा कामाचा संबंध नाही त्यांची फाइल उघडू नका. ती कोणी उघडली याची नोंद राहते.

क्लायंटसमोर सहकाऱ्याशी मराठीत किंवा हिंदीत गप्पा मारणंही टाळा. कपडे उतरवलेल्या अवस्थेत, न समजणाऱ्या भाषेतली हसणी ऐकताना माणसाला काय वाटत असेल?

पैशांच्या बाबतीत थोडक्यात: पिन नंबर ऐकू नका, उसने घेऊ नका, मृत्युपत्रावर किंवा पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर साक्षीदार म्हणून सही करू नका, भेटवस्तूबद्दल एजन्सीचा नियम आधी विचारा.

बघितलेलं लिहायचं

प्रौढांची विश्रांतीतली नाडी साधारण मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. हे आकडे पाठ असू द्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या माणसाचं रोजचं काय असतं ते. रोज बडबडणाऱ्या बाई आज गप्प आहेत, रोज चालत जाणारे आजोबा आज धरून उभे राहतात, एका रात्रीत गोंधळ वाढला, हे सगळं नर्सला लगेच सांगायचं. वृद्धांमध्ये संसर्गाची सुरुवात तापाऐवजी अशा गोंधळाने होऊ शकते. चेहऱ्याची एक बाजू पडली, हात वर होत नाही, बोलणं अडखळतं, तर क्लायंटच्या घरी काम करत असाल तेव्हा थेट ९११ या तातडीच्या नंबरवर फोन. पडलेल्या माणसाला एकट्याने उचलू नका. जवळ बसा, बोलत राहा, मदत बोलवा.

लिहिताना निष्कर्ष नको, दिसलेलं लिहा. "भूक नव्हती" यापेक्षा "ओटमील अर्धं खाल्लं, चहा घेतला नाही, पोटावर हात ठेवून दुखतंय म्हणाले" हे उपयोगाचं. "चिडचिडे" यापेक्षा "शर्ट घालताना उजवा हात वर नेल्यावर ओरडले." दुसऱ्या वाक्यावरून खांद्याचं दुखणं सापडतं, पहिल्यावरून फक्त शिक्का बसतो. काम झाल्यावर लिहा, आधी नाही. दुसऱ्याने केलेलं स्वतःच्या नावावर टाकू नका.

छळ किंवा दुर्लक्ष दिसलं तर

मारणं, ओरडणं, धमकावणं, लैंगिक स्पर्श, पैसे काढून घेणं, भिजलेल्या ब्रीफमध्ये (मोठ्यांच्या डायपरमध्ये) तासन्‌तास ठेवणं. लाँग-टर्म केअरमध्ये यातल्या कशाचाही रास्त संशय आला तर लाँग-टर्म केअर मंत्रालयाच्या डायरेक्टरला लगेच कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. खात्री लागत नाही, रास्त संशय पुरे. सुपरवायझरला सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी आपोआप संपत नाही, पुढे कळवलं गेलं का ते विचारा. कळवणाऱ्यावर सूड उगवायला कायद्याने मनाई आहे. रिटायरमेंट होममध्ये हीच खबर रिटायरमेंट होम्स रेग्युलेटरी अथॉरिटीकडे जाते. घरी काम करताना एजन्सीच्या सुपरवायझरला त्याच दिवशी, आणि जिवाला धोका असेल तर आधी ९११.

सहकारी आपल्याच गावाकडची आहे, तिच्या व्हिसाचं काय होईल, असे विचार मनात येतात. ते येणं स्वाभाविक आहे. पण खोलीतल्या बाईंना तुमच्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

तुमचेही हक्क आहेत

क्लायंटचा सन्मान राखायचा म्हणजे मार खायचा, किंवा रंगावरून, बोलण्याच्या लकबीवरून शिव्या ऐकून घ्यायच्या, असं नाही. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी अ‍ॅक्टने तुम्हाला धोक्याची माहिती मिळण्याचा, सुरक्षेच्या निर्णयांत सहभागाचा आणि असुरक्षित काम नाकारण्याचा हक्क दिला आहे. आरोग्यसेवेत या शेवटच्या हक्काला मर्यादा आहेत: धोका कामाचाच नेहमीचा भाग असेल किंवा तुम्ही नाकारल्याने दुसऱ्याचा जीव थेट धोक्यात येत असेल, तर तो तसा वापरता येत नाही. पण क्लायंटला उचलायचं दोन माणसांचं काम एकट्याने करायला सांगितलं तर "दुसरी व्यक्ती आल्यावर करते" म्हणणं तुमच्या आणि क्लायंटच्या, दोघांच्या हिताचं आहे. पाठ गेली की हे कामच जातं. दुखापत झाली तर लहान वाटली तरी त्याच शिफ्टमध्ये लेखी कळवा.

क्लायंटला तक्रार करायची असेल तर

"जाऊ द्या हो, त्या तशाच आहेत" असं म्हणून समजूत घालू नका. तक्रार तुमच्याविरुद्ध असली तरी. ऐकून घ्या, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, ड्यूटीवरच्या नर्सला द्या आणि दिल्याचं क्लायंटला सांगा. लाँग-टर्म केअर होमला तक्रारीची चौकशी करून दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि इजा झाल्याची किंवा होण्याची शक्यता असेल तर चौकशी तत्काळ सुरू करावी लागते. रहिवाशांची स्वतःची रेसिडेंट्स कौन्सिल असते, तिथेही विषय मांडता येतो. मंत्रालयाची तक्रारीसाठीची फोन लाइन आहे, तिचा नंबर होममध्ये लावलेला असतो. होमकडून, हॉस्पिटलकडून किंवा ऑन्टारियो हेल्थ अ‍ॅटहोमकडून समाधान झालं नाही तर पेशंट ऑम्बड्समनकडे, म्हणजे रुग्णांच्या तक्रारी बघणाऱ्या प्रांताच्या कार्यालयाकडे, जाता येतं. तिथे जाण्याआधी संबंधित संस्थेकडे तक्रार केलेली असावी लागते, म्हणून पहिल्या तक्रारीची तारीख आणि ती कोणाकडे दिली त्याचं नाव लिहून ठेवायला क्लायंटला मदत करा.